गिअरबॉक्सच्या मागे गिअरबॉक्स

रस्त्यातल्या खड्ड्याने काच फुटत नाही, असं काचवाला नेहमी सांगायचा. खड्डा लांबून दिसतो आणि माणूस जपून जातो. काच फुटते ती उभी गाडी चालू लागते त्या क्षणी. क्लच सुटताना जो हिसका बसतो तो हौद्यातून काच टेकवायच्या तिरक्या लाकडी घोडीत जातो, घोडीतून काचेत, आणि काचेचा एखादा कोपरा आधीच दुखावलेला असेल तर बारीकसा टक् आवाज येतो. इंजिन कितीही ओरडत असलं तरी काचवाल्याच्या कानाला तो आवाज बरोबर ऐकू येतो. गाडी थांबवून मागे जाऊन बघायचीही गरज नसते.

त्याची पिकअप जुनी होती, पण गुणाची. सपाटीवर तिने कधी त्रास दिला नाही. अडचण होती ती टेकडीवरच्या नव्या वस्तीची. तिथे घरामागून घरं उभी राहत होती, घराघराला खिडक्या होत्या, आणि वर जायला रस्ता एकच. तोही मधल्या वळणावर इतका अरुंद की वरून कोणी येत असेल तर खालच्याने थांबायचं. थांबायला कोणाची ना नव्हती. थांबल्यावर चढावर पुन्हा निघायचं कसं, हा प्रश्न होता. इंजिन रेटायचं, क्लच अर्धवट दाबून धरायचा, जळका वास सोसायचा आणि श्वास रोखून धरायचा. त्या वर्षात दोन क्लच प्लेटा जळून गेल्या, आणि एका केशकर्तनालयाची दर्शनी काच त्या वळणावरच गेली.

गॅरेजवाल्याचं निदान एका वाक्याचं होतं. गाडी लहान, ओझं मोठं, तेव्हा मोठी गाडी घ्या. काचवाल्याने जळक्या दोन्ही प्लेटा घरी आणून अंगणातल्या फळीवर टाकल्या, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याच सुमारास सासूबाई गुडघ्याची शस्त्रक्रिया करून मुलीकडे राहायला आल्या होत्या. त्यांची सगळी नोकरी गिअर बनवणाऱ्या कारखान्यात झाली, म्हणजे नेमकं सांगायचं तर एका मशीनपुढे झाली. ते मशीन एकाच मापाच्या चाकाला दाते पाडायचं. चाक बसवायचं, दाते पडले की काढायचं, बोटाने कड तपासायची, पेटीत ठेवायचं. पेटी भरली की कोणीतरी ती ओढत न्यायचं. ही चाकं पुढे कुठे जातात, कशात बसतात, हे त्यांनी सुरुवातीला दोघातिघांना विचारून पाहिलं होतं. एक म्हणाला ट्रकमध्ये, दुसरा म्हणाला पंपात. मग विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

जावई आणि सासूबाई यांचं बोलणं तोवर बेताचंच होतं. तो त्यांना आई म्हणायचा, त्या त्याला जावईबापू म्हणायच्या, आणि मनातून दोघंही एकमेकांना जरा बिचकून असत. बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. ती म्हणायची, तुमचं संभाषण ऐकलं की दोन वकील एकमेकांना नोटिसा देतायत असं वाटतं.

केशकर्तनालयाची काच गेली त्या दिवशी जेवताना तो बायकोला चढाची कहाणी सांगत होता. सासूबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "पहिल्या गिअरमध्ये इंजिनाने किती फेरे घेतले की बाहेरचा शाफ्ट एकदा फिरतो?"

काचवाल्याचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं तो गिअर टाकत होता, पण हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. "भरपूर," असं तो म्हणाला. सासूबाईंनी मान डोलावली, पण ती मान समाधानाची नव्हती, हे त्याला कळलं. आणि पंचाईत अशी झाली की आता त्याच्याही डोक्यात तो किडा वळवळायला लागला.

सुट्टीच्या दिवशी त्याने इंजिनाचे प्लग काढले, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, मागची चाकं जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले. इंजिनाच्या पुलीवर आणि खालच्या शाफ्टवर खडूने रेघा मारल्या. सासूबाईंना गाडीखाली निजणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने दुकानातून एक लांबट आरसा आणून गाडीखाली सरकवला. त्या स्टुलावर बसल्या आणि आरशात शाफ्टची रेघ बघू लागल्या. तो पाना लावून पुली फिरवायचा आणि मोजायचा. त्यांनी "झाला" म्हटलं की थांबायचा.

उत्तर जवळजवळ चार आलं. दोघांनी पुन्हा मोजलं, पुन्हा चारच. शाफ्ट कुठल्या बाजूने फिरतो यावर मात्र एकमत होईना. त्या आरशात बघून एक बाजू सांगायच्या आणि तो खाली वाकून दुसरी. शेवटी आरसा खोटं बोलतो यावर तडजोड झाली, आणि आयुष्यभर आरसे विकलेल्या माणसाने ते मान्य केलं.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "इंजिनाचे चार फेरे आत गेले की एक बाहेर येतो. तो बाहेर आलेला जर आणखी एका तशाच डब्यात घातला, तर?"

"तर चारचे सोळा," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "गाडी मुंगीसारखी चालेल."

"मुंगीला हिसका बसताना पाहिलाय का तुम्ही?"

एवढ्यावरून ते ठरलं. म्हणजे करायचंच असं कोणी म्हणालं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून दोघं या विषयावर असं बोलू लागले जणू काम सुरू झालेलंच आहे.

भंगारवाल्याकडे त्याच जातीच्या पिकअपचा गिअरबॉक्स पडून होता. त्या गाडीचं तोंड एका भिंतीने बसवलं होतं, पण डबा शाबूत होता. दोघं तिथे गेले तेव्हा, तुमच्या गिअरबॉक्सला काय झालं, असं भंगारवाल्याने विचारलं. काही नाही झालं, असं काचवाला म्हणाला. मग हा कशाला? त्याच्या मागे लावायला. भंगारवाल्याने हातातला हातोडा खाली ठेवला, दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आणि त्या दिवसापासून तो न बोलावता चहाच्या वेळी अंगणात हजर होऊ लागला.

डबा फळीवर ठेवून झाकण उघडलं तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून घेतला. काळ्या तेलात चाकं एकमेकांत दात अडकवून बसलेली होती. त्यांनी एकेका चाकावरचं तेल बोटाने निपटलं, दाते मोजले, दात्यांचा तिरकस कल बघितला. काचवाल्याला त्यांनी मशीनची हकिगत तेव्हाच सांगितली, पहिल्यांदाच. एक चाक त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं. मग त्या म्हणाल्या की मापाने जवळपास आहे, पण दाते उलट्या अंगाला कललेत, हे आपलं नाही. वाईट वाटल्यासारखं त्यांनी काही दाखवलं नाही. उलट त्यांना दुसरंच कुतूहल लागलं होतं. त्यांचं एक चाक त्यांना पाठ होतं, पण चाकाने चाक फिरतं, त्यातलं एक सरकवलं की दुसरी जोडी जुळते, हे इतक्या जवळून त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्या दांडी पुढे-मागे करत राहिल्या, आणि काचवाला शाफ्ट फिरवत राहिला, जेवायला हाका येईपर्यंत.

काम वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. नवा डबा पहिल्याच्या मागे, चासीवर आडवी पट्टी टाकून बसवायचा होता. मागच्या चाकांकडे जाणारा मूळचा लांब शाफ्ट कापून आखूड करायचा आणि दोन डब्यांच्या मध्ये एक छोटा शाफ्ट घालायचा, ज्याच्या दोन्ही टोकांना कुठेही वळणारा जॉइंट असेल. तो छोटा शाफ्ट भंगारातच मिळाला. पण दुसऱ्या डब्याच्या पुढच्या टोकाला फक्त खाचा होत्या, कारण मूळ गाडीत तिथे क्लच प्लेट बसते. त्या खाचांवर शाफ्ट जोडायचा कसा, यावर बरेच दिवस अडलं. तेव्हा काचवाल्याला फळीवरच्या जळक्या प्लेटा आठवल्या. प्लेट जळली तरी तिच्या मधल्या पोलादी भोकातल्या खाचा शाबूत असतात. त्याने एक प्लेट उचलून डब्याच्या टोकावर सरकवली. ती अशी बसली की जणू घरी आली.

सासूबाई ओळखीच्या लेथवाल्याकडे गेल्या, प्लेटचा मधला भाग कापून काढून त्याला जाड चकती वेल्डिंगने जोडून आणली, आणि त्या चकतीवर शाफ्ट बोल्टने बसला. दुसऱ्या डब्याची गिअरची दांडी मात्र केबिनच्या पाठीमागे, हौद्यात निघाली. त्यासाठी हौद्याच्या तळाला भोक पाडावं लागलं. आता गंमत अशी की पुढचा गिअर चालवणाऱ्याच्या हातात, आणि मागचा हौद्यात बसणाऱ्याच्या. अंगणातल्या चाचण्यांसाठी सासूबाईंनी आपलं स्टूल हौद्यात मांडलं. मागच्या खिडकीची काच काचवाल्याने स्वतःच काढून टाकली, म्हणजे बोलता येईल. शेजारच्यांनी ही वरात बघितली आणि कोणी काही विचारलं नाही, यावरून त्यांना किती विचारायचं होतं ते कळत होतं.

गाडी चालली, पण थरथरत. वेल्डिंग वाकडं झालं असणार, असं सासूबाई म्हणाल्या, आणि चकती पुन्हा लेथवर घेऊन गेल्या. परत बसवली तरी थरथर तीच. तेव्हा काचवाल्याने घोडीवर एक आरसा बांधला आणि त्यात समोरच्या खांबाचं प्रतिबिंब बघत बसला. इंजिन नुसतं चालू असलं की खांब स्थिर. मागचा डबा न्यूट्रल ठेवून पुढचा गिअर टाकला की गाडी जागची हलत नव्हती, पण आरशातला खांब दुहेरी दिसू लागायचा. त्याने हे सासूबाईंना बोलावून दाखवलं. गाडी हलत नाही, मागची चाकं फिरत नाहीत, तरी थरथर आहे. म्हणजे दोष दोन डब्यांच्या मधेच आहे.

सासूबाई आरशाकडे बघत उभ्या राहिल्या. मग फळीकडे गेल्या आणि उरलेल्या जळक्या प्लेटेशेजारी पडलेलं, तिच्याबरोबरच गाडीतून निघालेलं एक छोटं बेअरिंग उचलून म्हणाल्या, "मूळ गाडीत या शाफ्टचं नाक इंजिनात, अशा बेअरिंगमध्ये टेकलेलं असतं. आपण नाकाला टेकूच दिला नाही."

मग जाड पत्र्यात बेअरिंग बसवून तो पत्रा चासीला जोडला आणि नाकाला टेकू दिला. आरशातला खांब एकच दिसू लागला. भंगारवाल्याने त्या दिवशी दोनदा चहा घेतला.

दोन्ही डबे पहिल्या गिअरमध्ये टाकल्यावर गाडी चालू लागली तेव्हा प्रथम कोणाला कळलंच नाही. काचवाल्याने क्लचवरचा पाय एकदम काढला, मुद्दाम. हिसका नाही, काही नाही. भिंत हळूहळू मागे सरकतेय असं वाटलं. वेगाचा काटा पहिल्या डब्याला जोडलेला होता, त्याला मागे काय चाललंय याचा पत्ता नव्हता. तो ऐटीत वेग दाखवत होता, आणि शेजारची मांजर गाडीच्या पुढून रमत-गमत निघून गेली.

त्यानंतर सासूबाईंना स्वस्थ बसवेना. कुठला गिअर कशाबरोबर टाकला तर काय होतं, हे त्या एकेक करून बघू लागल्या. पुढे दुसरा आणि मागे पहिला, की पुढे पहिला आणि मागे दुसरा, वेग सारखाच. हे त्यांना आधी पटलं नाही, मग पटलं, मग खूप आवडलं. एका संध्याकाळी बायको छापखान्यातून परत आली तेव्हा दोघांचा वाद चालू होता. दोन्ही डबे रिव्हर्समध्ये टाकले तर काय होईल? काचवाल्याचं म्हणणं, गाडी मागेच जाईल, फक्त आणखी सावकाश. दोनदा मागे म्हणजे जास्त मागे. सासूबाई म्हणत होत्या की गाडी पुढे जाईल. पण का, ते त्यांना बोटं फिरवूनही नीट सांगता येत नव्हतं.

"यात भांडण्यासारखं काय आहे," बायको पिशवी खाली ठेवत म्हणाली. "मी कामावर जाणार नाही असं नाही, असं लिहिलं तर मी जाणार की नाही?"

काचवाल्याने जरा विचार केला. वाक्य कळलं, पण गाडी म्हणजे काही वाक्य नव्हे. तो चढून बसला. सासूबाई स्टुलावर बसल्या. दोघांनी आपापली दांडी उलट्या गिअरमध्ये टाकली. बायको मागून बाजूला झाली, कारण तिचा व्याकरणावर विश्वास असला तरी नवऱ्याच्या पायावर नव्हता. त्याने क्लच सोडला आणि सवयीने मान वळवून मागे बघत राहिला. मागचा कट्टा दूर जाऊ लागला.

गाडी पुढे चालली होती. त्याने समोर बघितलं, पुन्हा मागे बघितलं, आणि थांबायचं विसरला. गाडी कुंपणाला अलगद टेकली तेव्हा त्याने ब्रेक दाबला. हौद्यातून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. त्यांना असं हसताना बायकोनेही कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मग बायकोने स्वतः चालवून बघितलं, मग भंगारवाल्याने, आणि शेवटी जो-तो एकच गोष्ट करत होता. मान मागे वळवून पुढे जात होता.

गाडी वाहन तपासणीला न्यावीच लागणार होती. तिथला अधिकारी आधी रागावला, मग वाकला, मग विजेरी मागून गाडीखालीच शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. ब्रेक, जोड, बोल्ट सगळं तपासून त्याने एक अट घातली. मागची दांडी केबिनमध्ये आणा, हौद्यात माणूस बसवून गाडी चालवता येणार नाही. ते बरोबरच होतं. सळी जोडून दांडी केबिनमध्ये घेतली, ती बाजूच्या सीटजवळ निघाली. काचवाल्याचा हात तिथे पोचायचा, पण वाकून. आणि मग चढ लागला की सासूबाई बाजूला बसायच्या, आणि "मागचा पहिला" असं तो म्हणाला की टाकायच्या.

टेकडीवर नाच शिकवणाऱ्या एका बाईंना भिंतभर आरसे हवे होते. एवढे मोठे आरसे त्याने त्या रस्त्याने कधी नेले नव्हते. वळणावर वरून वाळूचा ट्रक आला आणि थांबावं लागलं. ट्रक गेला. त्याने पुढचा पहिला टाकला, सासूबाईंनी मागचा. त्याने पाय क्लचवरून उचलला आणि कान मागे लावून बसला. टक् आवाज आला नाही. गाडी वर निघाली, इतक्या सावकाश की पायी चढणारे एक आजोबा तिच्या बरोबरीने चालत खिडकीतून विचारू लागले, गाडी बिघडलीय का. नाही, असं सासूबाईंनी सांगितलं, अशीच केलीय. का, असं आजोबांनी विचारलं. वर पोचेपर्यंत त्या त्यांना सगळं समजावून देत होत्या, आणि वेळही पुरला.

आरसे वर पोचले, भिंतीवर बसले. पुढचे काही महिने एकही काच फुटली नाही, क्लच जळला नाही.

काचवाल्याने घात केला तो एका रिकाम्या दुपारी. अंगणाच्या फाटकाशी काँक्रीटमध्ये रोवलेला एक जुना लोखंडी खांब होता, गाडी वळवताना नेहमी आड येणारा. सासूबाई आत झोपल्या होत्या. त्याच्या मनात आलं, सोळापट जोर म्हणजे नेमका किती असेल? त्याने खांबाला साखळी बांधली, दोन्ही डबे पहिल्यात टाकले आणि क्लच सोडला. साखळी ताणली गेली. खांब किंचित कलला. गाडीचं मागचं अंग खाली बसलं, चाकं जमिनीत रुतली, आणि गाडीखाली मोठा धडाका झाला. इंजिन सुरूच होतं, पण गाडीला त्याचं काही घेणं-देणं उरलं नव्हतं.

सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. त्यांनी साखळी बघितली, खांब बघितला, गाडीखालून ओघळणारं तेल बघितलं.

"अरे, मला न सांगता?" त्या म्हणाल्या. "साखळी तुटून आली असती म्हणजे? डोकं राहिलं असतं का तुझं?"

तो मान खाली घालून उभा राहिला. वाईट वाटत होतं, लाजही वाटत होती, आणि तरी त्याच्या कानात वेगळीच गोष्ट घुमत होती. त्यांनी त्याला अरे म्हटलं होतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं, कारण त्या काठीने आरसा गाडीखाली ढकलत होत्या.

तुटला होता तो मागच्या शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस, म्हणजे फुलीसारखा पोलादी तुकडा. त्याने तो काढून रॉकेलमध्ये धुतला आणि दोघं उजेडात घेऊन बसले. तुटलेल्या अंगाचा मोठा भाग चकचकीत, दाणेदार होता. पण एका कोपऱ्यात काळपट, मळकट चंद्रकोर दिसत होती. सासूबाईंनी नखाने ती दाखवली.

"हे आजचं," त्या चकचकीत भागावर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि हे कधीचं तरी. आधीच तडकलेला होता."

"म्हणजे चढावरच गेला असता?"

"कुणास ठाऊक. गेला असता, नसताही." त्यांनी तुकडा त्याच्या हातात दिला. "पण मूळ जॉइंट चारपट जोरासाठी केलेला. आपण त्याला सोळापट लावतोय. जाड बघायला हवा, मोठ्या गाडीचा. आणि दोन्ही पहिले टाकून ओढाओढी नाही, फक्त चढ."

त्याने ते कबूल केलं. रात्री जेवताना, पाणी दे रे इकडे, असं त्या म्हणाल्या तेव्हा बायकोने नवऱ्याकडे बघितलं. त्याने निमूटपणे पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं भंगारवाल्याकडे निघाले, गाडी ठोकळ्यांवर असल्यामुळे पायीच. फाटकापाशी सासूबाई थांबल्या. खांबाच्या बुडाशी काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये एक फट पडली होती. त्यांनी काठीचं टोक तिच्यात घालून बघितलं.

"किती हलला रे?"

"बोटभर असेल."

त्यांनी काठी आणखी आत घातली, बाहेर काढली, टोकाला लागलेली ओली माती बघितली. "बोटभर नाही, चांगला दोन बोटं हललाय," त्या म्हणाल्या, आणि कौतुक लपवायचा प्रयत्न न करता पुढे चालू लागल्या.